दगडावर न राहणारं दगडफूल

एक बादली चुना.
तारेचं वेटोळं.
शर्टाची गुंडी.
मसाल्यातला तो काळपट चुरगळलेला तुकडा, ज्याचं नाव विचारलं की घरातली माणसंही एकमेकांकडे बघतात.

मित्रांनो, त्या तुकड्याचा मी भाऊबंद. मेढ्याच्या वरच्या अंगाला एका हिरड्याच्या खोडावर राहणारा जुना शैवाक. लोक आम्हा सगळ्यांनाच दगडफूल म्हणतात. का, ते मला अजून कळलेलं नाही. मी कधी दगडाला शिवलेलोही नाही.

मी की आम्ही? हेही नक्की नाही. माझ्यात एक बुरशी आहे आणि एक शेवाळ आहे. एक घर बांधते, दुसरं रांधतं. मला मुळं नाहीत. हिरड्याचं मी काही खात नाही. धुकं पितो आणि वर्षाला प्रत्येक बाजूने दोन मिलिमीटर पसरतो. आता भाकरीएवढा झालो आहे.

मसाला करून विकणाऱ्या बनुबाई पूर्वी चाकू घेऊन यायच्या. चाकूला जाती कळत नाहीत. माझ्यासारखे बरेच असेच गेले. मग साताऱ्याच्या कॉलेजातली अपेक्षा भिंग घेऊन आली. अख्ख्या डोंगरात तिला माझ्या जातीचे आठच सापडले. तिने बनुबाईंना भिंगातून मला दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यानंतर त्या फक्त पडलेल्या फांद्यांवरचं दगडफूल वेचू लागल्या.

अपेक्षाने ग्रामपंचायतीत अर्ज दिला : ‘हिरड्याजवळचे दुर्मीळ दगडफूल वाचवावे.’ ठराव झाला : दगडफूल राखा, हिरडाही राखा. दुसऱ्याच दिवशी पंचायतीचा शिपाई जयराज आला आणि त्याने हिरड्याशेजारच्या मोठ्या दगडाला तारेचं कुंपण घातलं. पाटीही लावली. मी वरून बघत होतो. दगडात एवढं काय आहे, असं मलाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी तो बादल्या घेऊन आला. राखायच्या झाडाला रंग द्यायची पद्धतच आहे : खाली गेरू, वर चुना. गेरू झाला. चुन्याचा कुंचला माझ्या खालच्या कडेवरून फिरला. भाजलं.

तेवढ्यात बनुबाई आणि अपेक्षा पायवाटेने वर आल्या.

“आरं जयराज, थांब. काय करतुयास?”

“झाड राखतुया, काकी. ठराव हाय.”

“आन दगडफूल?”

“त्ये दगडावर. नावातच हाय की. तार मारलीया त्येला.”

“मग नागवेलीला नाग लटकत्यात व्हय रं?”

जयराजने कुंचला खाली घेतला. अपेक्षाने खोडावरचा मी त्याला बोटाने दाखवला.

“ही बुरशी? म्या म्हटलं झाडाला खरूज झालीया. पुसू का, म्याडम?”

“नको. पुसलं तर उरलेलंही सुटेल.” तिने मोजपट्टी लावली. “पाच सेंटिमीटर गेलं. पंचवीस वर्षांची वाढ.”

जयराजने पट्टीवर बोट ठेवलं. “मी पंचवीसचाच हाय,” तो म्हणाला.

“मग तुज्या जल्मापास्नंचं तू एका हातात पुसलंस,” बनुबाई म्हणाल्या. रागाने नाही. त्यांनी स्वतःही कमी खरवडलं नव्हतं.

त्याने बादली उचलून लांब ठेवली. दगडाची पाटी सोडवून आणली आणि खिशातून खिळा काढला.

“सुतळीनं बांध,” बनुबाई म्हणाल्या.

पाटी आता हिरड्यावर आहे, सुतळीने बांधलेली. दगडाचं कुंपण अजून तसंच आहे; त्याला कोणी काही विचारलेलं नाही. माझी चुन्याखालची कड परत येईल का, ते मला माहीत नाही. अपेक्षालाही नाही. ती दर पावसाळ्यानंतर पट्टी लावून बघते.

मित्रांनो, कुणाला राखायचं ठरवलंत, तर तो राहतो कुठे एवढं आधी बघा. नावावर जाऊ नका. जवळ या, भिंग नसलं तरी चालेल.

बनुबाई लग्न होऊन या गावात आल्या, तेव्हा मी शर्टाच्या गुंडीएवढा होतो.