तीनशेने गुणलेलं घर

पिरंगुटच्या कारखान्यात एकोणीस वर्षं बोल्टांतले दोष शोधून प्रमोदची नजर इतकी तयार झाली होती, की घरी आल्यावरही ती थांबत नसे. घरी बोल्ट नव्हते, म्हणून तो खर्चातले दोष शोधी. मोबाईलवर त्याची एक शीट होती. तिच्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा सुटत नसे.

बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची, हे त्याचं ध्येय. त्याचा नियम सोपा होता. महिन्याच्या खर्चाला तीनशेने गुणायचं. तेवढी रक्कम गाठीला असली की माणूस मोकळा. माले गावची जमीन विकून आलेले आणि साठवलेले मिळून पंचावन्न लाख वीस हजार होते. म्हणजे घर अठरा हजार चारशेत बसायला हवं होतं. बसत नव्हतं. तेव्हा तो दिसेल त्याला तीनशेने गुणू लागला.

"आई, महिन्याला दोनशेची मिश्री? ही साठ हजारांची मिश्री झाली."

"आरं, तेवढ्यात म्हस येती की!" चांगुणाबाई म्हणाल्या आणि मिश्री सोडली. निदान सोडली असं म्हणाल्या.

सातवीतल्या सोनूने विचारलं, "पप्पा, मला गुणलं तर किती?" प्रमोदने खरंच गुणून सांगितलं. पोरीने त्यानंतर काही मागितलं नाही.

आणि मग खर्च उतरला. दर रविवारी त्याची बायको दीपमाला आठवड्याचा हिशोब सांगायची. गॅस पुरून उरतोय. क्लासच्या बाईंनी फी माफ केली. आईंच्या बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सलग अकरा महिने आकडा अठरा हजार चारशे. ओळीने अकरा बोल्ट इतके तंतोतंत एका मापाचे निघाले असते, तर प्रमोदने आधी मोजायचं यंत्र तपासलं असतं. इथे त्याने राजीनामा दिला.

नोटीस संपली. सोमवारी तो भावकीला पेढे द्यायला मालेला गेला. जाता जाता आपली विकलेली जमीन बघावी म्हणून वळला. तिथे आता बंगला होता, समोर हिरवंगार लॉन, आणि लॉनवर एक बाई पाठमोरी बसून हरळी खुरपत होती. पाठ ओळखीची होती. त्याची आई त्या वेळी पौडला बहिणीकडे असायची.

"आई?"

"हळू बोल," चांगुणाबाई न वळता म्हणाल्या. "सायेब योगा करत्यात."

"तू हितं काय करतीस?"

"दिसंना व्हय? साडेतीनशे रुपये रोज. म्हैन्याला ईस दिस भरत्यात."

पेढ्यांचा पुडा हातात तसाच ठेवून तो परत आला. दीपमाला घरी नव्हती. ती रोज दुपारी भिशीला जाते, हे त्याला ठाऊक होतं. रोज दुपारी भिशी कशी असेल, हे मात्र त्याला आजवर सुचलं नव्हतं. ती चार वाजता आली, कोपरापर्यंत पीठ.

"ढाब्यावर भाकऱ्या करते," ती म्हणाली. "छत्तीसशे मिळतात. आईंचे सात हजार. गोळ्या, क्लास, गॅस, सगळं त्यातनं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गुणलं असतं."

घर एकोणतीस हजारांत चालत होतं. प्रमोदने सवयीने गुणलं. सत्त्याऐंशी लाख. सोनूने पाणी आणून दिलं आणि लांब उभी राहिली.

मंगळवारी सकाळी तो कारखान्याच्या दारात होता. मॅनेजरने चहा पाजला. "तुमच्या जागी मनीष म्हणून एक पोरगा आलाय. निम्म्या पगारात. आणि निरोपाच्या दिवशीचं तुमचं ते स्वातंत्र्याचं भाषण काय झालं हो! माझी बायको अजून व्हिडिओ दाखवते सगळ्यांना."

पुढचे दहा दिवस त्याने पिरंगुटची झाडून सगळी फाटकं पाहिली. प्रत्येक ठिकाणी पंचविशीतलं कुणीतरी अर्ज घेऊन आधीच उभं असे. अकराव्या दिवशी तो आईबरोबर मालेच्या बसमध्ये बसला.

बंगल्याचा मालक कौस्तुभ अडतिसाव्या वर्षी कंपनी सोडून मोकळा झालेला होता. त्याने प्रमोदचं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हीही शीट ठेवता? मस्त! मग तुम्हाला लगेच कळेल," तो म्हणाला. "बागेला माझ्याकडे सात हजार आहेत. एकाच माणसाचे. काकू की तुम्ही, तुम्ही दोघं ठरवा."

"वर काही वाढवता येणार नाही?"

"अहो, तीनशेने गुणावं लागतं ना मला."

प्रमोदने मान हलवली. कळलं होतं. आईचे सात हजार गेले आणि आपले सात हजार आले, तर घरात एक रुपया वाढत नव्हता. तो पंचविशीतला असता, तर कदाचित दुसरीकडे कुठे वेगळे मिळालेही असते.

"आई, तू घरी जा."

"आन् तू?"

"मी करतो."

चांगुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या बुटांकडे पाहिलं. गुडघ्यावर हात देऊन, दोनदा थांबून, त्या उठल्या आणि खुरपं त्याच्या हातात दिलं. तो बसला, एक काडी धरली आणि ओढली. ती वरच्यावर तुटली.

"आरं, मूळ ऱ्हायलं की!" त्या पुन्हा खाली बसत म्हणाल्या. "आसं न्हाई. हिकडं दे. बघ."

परतीची बस अर्ध्या तासात होती. त्या उठल्या नाहीत.