कार्पेटखालची चार भोकं

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मास्तरांनी हिरव्या स्टेशन वॅगनच्या मागच्या भागातलं कार्पेट उचललं. खाली गंज नव्हता. चार भोकं होती, पुट्टीने बुजवलेली, वरून हिरव्या रंगाचा हात दिलेली.

गंज नव्हता, हे भोकांपेक्षाही खटकणारं होतं. कारण आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास शेडवर एक फोन आला होता. बोलणाऱ्या बाईंनी आपण गाडीच्या मालकाच्या पत्नी असल्याचं सांगितलं. मागचं कार्पेट तेवढं उचलू नका, खाली सगळा गंज आहे, पत्रा हातात येईल, असं त्या दोनदा म्हणाल्या. मास्तर म्हणाले, बरं मावशी. मास्तर सगळ्यांनाच बरं म्हणतात. मग त्यांना जे करायचं असतं ते करतात. जुन्या पत्र्यावर, तो न तपासता, नवं कार्पेट चिकटवायचं नाही हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नियम आहे, आणि तो मोडण्याइतकं कारण फोनवर मिळालं नव्हतं.

मास्तर गाड्यांच्या सीटा, छताची कापडं आणि दारांची अस्तरं करतात. हातशिलाई त्यांची बायको करते. नोंदवहीही तिच्याकडेच असते. गाडीतून निघालेल्या प्रत्येक वस्तूला कापडी चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर नंबर, आणि वहीत तीन रकाने : नंबर, काय, कुठून निघालं. सोमवारपर्यंत तीस नंबर झाले होते. त्यात पुढच्या दोन सीटा, मागचं बाकडं, बाजूच्या दारांचे पुठ्ठे, छताचं कापड आणि सीटच्या फटीतून निघालेली एक काचेची परीक्षानळी होती. नळी न फुटता इतकी वर्षं राहिली याचं दोघांनाही कौतुक वाटलं. चार भोकांना एकतीस ते चौतीस हे नंबर मिळाले. भोकाला चिठ्ठी कुठे बांधायची, असं मास्तरांनी विचारलं. बायको म्हणाली, “तुमच्या तोंडाला बांधते. डॉक्टरबाईंना हे सांगायची घाई करू नका.”

डॉक्टरबाई म्हणजे गाडीची मालकीण. पेशाने दातांची डॉक्टर, वय सेहेचाळीस. गाडी ओढून आणली तिच्या भावाने, आणि काम कोणाचं असं विचारल्यावर तो म्हणाला, थोरलीचं. त्यामुळे वहीत तेच पडलं : थोरली, हिरवी गाडी. घरात तिला सगळे थोरलीच म्हणतात. भाऊ धाकटा. तिसरं कोणी नाही.

वडील शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकत गावोगाव फिरायचे. मागच्या भागात नमुन्यांच्या पेट्या असायच्या, म्हणून मुलांना तिथे बसायची बंदी होती. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्याच्या कितीतरी आधीपासून गाडी ताडपत्रीखाली उभी होती. पुढच्या महिन्यात आईला पंचाहत्तर पूर्ण होतात, त्या दिवशी तिला याच गाडीतून फिरवून आणायचं, असं थोरलीने ठरवलं. कामाच्या कागदावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं : आतलं सगळं जसं होतं तसं. बदल एकच. ड्रायव्हरशेजारची सीट बाहेरच्या बाजूला फिरली पाहिजे, कारण आईचे गुडघे आता गाडीत शिरायला तयार नसतात.

मास्तरांनी भोकं नीट पाहिली. कारखान्यात पाडलेल्या भोकाची कड दाबून गुळगुळीत केलेली असते आणि त्याला रबरी बूच असतं. ही हातड्रिलची होती. गाडीखाली आडवं होऊन त्यांनी बोट फिरवलं तर पत्र्याचे काटे तसेच होते. मापं घेतली : अकरा इंच बाय नऊ इंच.

“पेट्यांचा रॅक असेल,” ते म्हणाले.

“अकरा बाय नऊचा रॅक?” बायको म्हणाली. “त्यावर काय, अगरबत्तीचा पुडा ठेवायचा?”

मग तिनेच मागच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची एक पट्टी होती. गाडीतल्या बाकी कुठल्याही पट्टीशी तिचे स्क्रू जुळत नव्हते. पट्टी काढली तर आतलं रेक्झिन खड्ड्याखड्ड्यांनी भरलेलं निघालं. बुटाच्या टोकाने लाथा मारून पडतात तसे खड्डे, बोटभर रुंदीचे, दोन पुंजक्यांत. डाव्या पुंजक्यात जास्त. मागे तोंड करून बसवलेली एक छोटी सीट, आणि तिच्यावर बसून दाराला लाथा मारणारं मूल, याशिवाय त्यांचा दुसरा अर्थ मास्तरांना लागेना. रॅक लाथा मारत नाही.

आणखी एक गोष्ट होती. कार्पेट आणि पत्रा यांच्यामध्ये वर्तमानपत्राचं एक पान डिंकाने चिकटवलेलं होतं. हे काम कोणा कारागिराचं नव्हतं. कारागीर कागद घालत नाही, कागद ओल धरतो. ज्याने भोकं बुजवली त्यानेच घरच्या घरी कार्पेट बसवलं असणार. पान अर्धं फाटून निघालं, पण वरचा कोपरा तारखेसकट शाबूत आला. बायकोने तो वहीत दाबून ठेवला. त्या वेळी त्या तारखेचा काही अर्थ कोणाला माहीत नव्हता.

“आपलं काम शिवायचं,” ती म्हणाली. “लोकांच्या घरात उसवायला जाऊ नका.”

मास्तर म्हणाले की कागदावर जसं होतं तसं लिहिलंय, आणि कसं होतं ते भोकं सांगताहेत. त्यांनी अकरा वाजता फोन लावला.

थोरली दीड वाजता आली, दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, गळ्यात मास्क आणि पर्समध्ये तिचा दांडीचा छोटा आरसा. गाडीच्या मागच्या भागात ती गुडघ्यांवर बसली, आरसा धरून पुट्टीच्या कडा पाहिल्या, टोकरून पाहिलं. हे भरणं कोणीतरी मन लावून केलंय, एवढंच म्हणाली. मग तिला आदल्या संध्याकाळच्या फोनबद्दल सांगितलं गेलं. तो तिला माहीत नव्हता. आईकडे शेडचा नंबर कुठून आला, हाही प्रश्नच होता. गाडीचं आईला वाढदिवसापर्यंत कळू द्यायचं नाही असं बहीणभावात ठरलं होतं. नव्या सीटच्या मापासाठी बुधवारी आणायचं तेही दवाखान्याच्या नावाखाली.

तिने तिथूनच धाकट्याला फोन केला. तो आईसोबत राहतो. आईने विचारलं म्हणून मी सांगून टाकलं, असं तो म्हणाला. भोकांबद्दल तो म्हणाला, पेट्यांचा रॅक होता, बाबांनी काढला. दहा मिनिटांनी त्याचा उलट फोन आला. आता तो म्हणाला की आईला विचारलं, तिथे लहान सीट होती आणि तिच्यावर थोरलीच बसायची, लहान होती म्हणून तिला आठवत नाही.

दहा मिनिटांत दोन उत्तरं. थोरलीने फोन ठेवला आणि थोडा वेळ लाथांच्या खुणांकडे पाहत राहिली. स्वतःच्या असतील तर बरंच, अशा नजरेने, असं मास्तरांची बायको नंतर म्हणाली. मग तिने, बायकोने, वही उघडून वर्तमानपत्राचा कोपरा पुढे केला. आधी गप्प राहा म्हणणारीही तीच होती.

थोरलीने तारीख वाचली. पुन्हा वाचली. बोटांवर महिने मोजले.

“मी जन्मायच्या अकरा महिने आधीचं आहे हे,” ती म्हणाली.

म्हणजे थोरली जन्मली तेव्हा भोकं बुजवलेली होती, कार्पेट चिकटवलेलं होतं. जुना पेपर घरात पडून होता आणि नंतर वापरला, असंही होऊ शकतं, हे मास्तरांनी बोलून दाखवलं. थोरली म्हणाली की बाबा पेपर आठवड्याच्या आठवड्याला रद्दीत द्यायचे, घरात कागद साठलेला त्यांना खपायचा नाही. ती उठली, हात पुसले. जाताना म्हणाली, “मास्तर, जसं होतं तसं म्हटलंय ना मी? तसंच करा.”

मास्तरांची कामाची एक पद्धत आहे. खरं कापड कापण्याआधी ते प्रत्येक सीट मांजरपाटात कच्ची शिवतात, आत जुना फोम भरतात आणि गाडीत बसवून बघतात. शिंप्याकडे ट्रायल असते तशी. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी अकरा बाय नऊच्या पायावर छोटी सीट कच्ची शिवली. उंची लाथांच्या खुणांवरून धरली. ती त्या चार जागांवर बरोबर बसली. ही त्यांची चूक. शिवली ती नव्हे, तिथेच ठेवली ती. आई पुढच्या सीटसाठी येणार, गुडघ्यांनी बेजार, ती गाडीला वळसा घालून मागे कशाला जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

बुधवारी चार वाजता धाकटा आईला घेऊन आला. थोरली आधीच येऊन थांबली होती. आईंनी दवाखान्याबद्दल विचारलंही नाही. त्या काठी टेकत सरळ मागच्या बाजूला गेल्या.

मागचं दार वर उचललेलं होतं. आईंनी पांढऱ्या मांजरपाटातली ती छोटी सीट पाहिली. काठी दाराला टेकवून ठेवली. वाकल्या, आणि हात सीटवर न ठेवता तिच्या डाव्या कडेला, खाली, रिकाम्या जागेत नेला. तिथे काही नव्हतं.

“पट्टा डावीकडे होता,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पट्टा केलाच नव्हता. पट्ट्याचा विचारही त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

“कोणाचा पट्टा, आई?” थोरलीने विचारलं.

आईंनी काठी उचलली. धाकट्याला म्हणाल्या, “मला घरी सोड.”

पुढच्या सीटचं माप राहिलं. धाकटा तासाभराने एकटा परत आला. त्याचा सूर आता चढा होता. गॅरेजवाल्यांना काम वाढवायचंच असतं, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी कशाला खेळता, असं तो मास्तरांना म्हणाला. ही भोकं तुम्हीच पाडली नाहीत कशावरून, असंही म्हणाला.

“पुट्टीला असे तडे जायला चाळीस वर्षं लागतात, साहेब,” मास्तर म्हणाले. “माझ्याकडे कालपासूनचाच वेळ होता.”

थोरली अजून तिथेच होती, उलट्या ठेवलेल्या सीटच्या सांगाड्यावर बसलेली. तिने भावाला एकच विचारलं : तुला कधीपासून माहीत आहे. तो म्हणाला, मला काही माहीत नाही, आईने सांगितलं तसं बोललो. पहिला रॅकही आईनेच सांगितला होता का, असं तिने विचारल्यावर तो मास्तरांकडे वळला. भोकं बुजवून टाका, कार्पेट घाला आणि विषय संपवा, एवढं मास्तरांना सांगून तो निघाला. त्याच्यामागून थोरली म्हणाली, “काम माझं आहे. वहीत नाव माझं आहे.” धाकट्याने वळून पाहिलं, आणि वहीत काय नाव आहे ते बहुधा दोघांनाही एकाच वेळी आठवलं. थोरली.

गुरुवारी थोरलीने आईला सहा फोन केले. पाच उचलले गेले नाहीत. सहावा धाकट्याने उचलला आणि आई झोपली आहे म्हणाला. दुपारी तिने शेडवर येऊन गाडीचं नोंदणीपुस्तक दाखवलं. गाडी वडिलांनी तिच्या जन्माच्या चार वर्षं आधी घेतली होती. आईवडिलांचं लग्न त्याच्याही वर्षभर आधीचं. घरातल्या अल्बममध्ये लग्नाचे फोटो आहेत आणि थेट तिच्या बारशाचे आहेत. मध्ये चार काळी पानं आहेत, नुसत्या कोपऱ्यांची. फोटो अडकवायचे कागदी कोपरे चिकटवलेले आहेत, फोटो नाहीत. लहानपणापासून तिने तो अल्बम शंभरदा पाहिला असेल. तिला वाटायचं, पानं भरायची राहून गेली.

मूल वडिलांच्या बहिणीचं असेल, शेजाऱ्यांचं असेल, अशा शक्यता मास्तरांच्या बायकोने एकेक करून मांडल्या. थोरलीने सगळ्या ऐकून घेतल्या. मग तिने छोट्या सीटचं कापड निवडलं, बाकीच्या सीटांना जे आहे तेच.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी धाकटा आला. गाडीतून उतरला नाही. खिडकीतून एक पुडकं मास्तरांच्या हातात दिलं, आईने पाठवलंय म्हणाला आणि निघून गेला. जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला पट्टा होता. सुती, दोन इंच रुंद, एका टोकाला पितळी बक्कल, दुसऱ्या टोकाला स्क्रूचं भोक. सोबत चिठ्ठी नव्हती.

मास्तरांच्या बायकोने तो उजेडात धरला. पट्टा आधी दुमडून आखूड केलेला होता आणि नंतर दोनदा सोडून वाढवलेला. उसवलेल्या टाक्यांच्या दोन ओळी स्पष्ट दिसत होत्या, एकमेकींपासून दीड इंचावर. तिसरी घडी तशीच होती. तिचे टाके अजून घट्ट होते. ती सोडायची वेळ आलेली नव्हती.

सीटच्या डाव्या कडेला तो बरोबर लागला.

थोरलीला कळवलं गेलं. ती म्हणाली, दवाखाना बंद करून येते, तोवर काही हलवू नका. ती शेडवर न येता आईकडे गेली, असं तिच्या मदतनीस बाईने दोन वाजता सांगितलं. त्यानंतर तिचा फोन बंद आहे.

पट्ट्याला कापडी चिठ्ठी लागली. नंबर पस्तीस. ‘काय’च्या रकान्यात ‘पट्टा, बक्कलसह’ असं लिहिलं गेलं. ‘कुठून निघालं’ हा रकाना शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला शेड बंद होईपर्यंत कोरा होता.