परतीचा फेरा

बायनाबाई गेली आणि लिंबाजीचा खराद मुका झाला.

खराद कसला, दोन खुंटांत आडवं धरलेलं लाकूड आणि त्याला वेढा घातलेली दोरी. दोरी ओढणारी त्याची बायको बायना, आणि पायाच्या अंगठ्याचा आधार देऊन पटाशी चालवणारा लिंबाजी. एका ओढीला लाकूड पुढं फिरायचं, दुसरीला मागं. पुढच्या फेऱ्याला पटाशी टेकायची, परतीच्या फेऱ्याला उचलायची. चाळीस वर्षं लाटणी, पाळण्याचे खांब, देशमुखांच्या गुडगुडीच्या नळ्या अशाच उतरल्या. ओढता ओढता बायना गायची,

दोरी मी ओढीते, लाकूड बाई डोले
परतीच्या फेऱ्याला, धनी माझ्याशी बोले

आता दोरी कोण ओढणार? लिंबाजी दिवस दिवस भिंतीकडं बघत बसायचा. जेवण सुटलं. मग लेकीनं, राजेश्रीनं, तंबाखूच्या पाइपांचं काम शोधून आणलं. पुण्याचं एक दुकान नमुना बघून हो म्हणणार होतं. पण पाइपाचं तोंड आतून पोखरायचं, तर लाकूड एकाच टोकाला जबड्यात धरणारं विजेचं यंत्र पाहिजे. त्यावर बापाचा हात बसला तर बाप उठून बसेल, एवढीच तिची आशा. देवगाव फाट्यावरून दोघं यंत्र घ्यायला सेलूला आली.

दुकानदार बन्सीधर बोलका माणूस. त्यानं दोन यंत्रं दाखवली. लांबडं होतं ते खांबांसाठी. लहान तुकड्याला त्याचा वेग झेपायचा नाही. बुटकं होतं ते नवशिक्यांसाठी. पण अंगानं जड, थरथर नाही, बटन फिरवलं की गोगलगायीगत संथ. पाइपाला हेच बरं, असं त्याचं म्हणणं.

"नवशिक्याचं," लिंबाजी पुटपुटला.

घरून आणलेली चिंचेची गाठ त्यानं जबड्यात बसवली. लाकूड फिरू लागलं, पटाशी टेकली, आणि लगेच हात उचलला. टेकला, उचलला. टेकला, उचलला. गाठीवर पायऱ्यांसारखे ओरखडे पडले.

"मामा, हात कामून उचलायलाव? चटका बसायलाय का?" बन्सीधर हसला.

"हे परत फिरत न्हाई का?"

उलटं फिरवायचं बटन महाग यंत्राला असतं, पण तेही मग उलटंच फिरत राहतं, असं बन्सीधरनं समजावलं. "जाऊन परत येनारं मशीन कुठंच न्हाई, मामा."

राजेश्रीला मात्र कळलं. त्या टेकण्या-उचलण्याच्या आवाजातच ती लहानपणी झोपी जायची. तिनं आपला तळवा बापाच्या मनगटावर ठेवला आणि दाबून धरला. खालचा हात धडपडत होता, मुठीत धरलेल्या होल्या पाखरागत. तिनं दाब सोडला नाही. लाकडाचं सालपट आता न तुटता, लांबच लांब निघू लागलं. हळूहळू मनगट निवलं. तिनं तळवा काढून घेतला, तरी हात जागचा हलला नाही. पाइपाचा गोल खांदा उतरला. इतका गुळगुळीत, की दोरीवर कधी झाला नव्हता.

"जमलं, बाबा."

जमलं होतं. लिंबाजीनं मनातल्या मनात ओवी धरून बघितली. पहिली ओळ आली. दुसरीला या यंत्रात जागाच नव्हती.

"हेच बांधा," तो म्हणाला.

बन्सीधरनं बटन बंद केलं. लाकूड मंदावत मंदावत थांबलं. तेव्हा कुठं लिंबाजीचा हात उचलला गेला, आणि बराच वेळ तसाच अधांतरी राहिला.