बेबीचा चार ते पाचचा डाव

वय त्रेसष्ट आणि नाव बेबी, यात बेबीला स्वतःला काही वावगं वाटत नसे. चार बहिणींत ती दुसरी. थोरली अक्का, मग ही, मग धाकट्या दोघी. चौघी चार गावांना दिल्या गेल्या, पण गेली सहा वर्षं रोज संध्याकाळी जेवणं उरकली की चौघी आपापल्या फोनवर पत्त्यांच्या एकाच टेबलाला बसत. हुकमाचा खेळ; अक्का आणि बेबी भिडू, समोर धाकट्या दोघी. त्या तासात कोणाच्या नवऱ्याने हाक मारायची नाही, असा दंडक होता. बेबीचे यजमान वारले तेव्हा घर माणसांनी भरलं आणि पंधरवड्यात रिकामंही झालं. त्या रिकाम्या संध्याकाळी अक्काने फोन करून एवढंच विचारलं होतं, ‘आज बसतेस ना?’ आणि बेबी डोळे पुसून बसली होती. तेव्हापासून तिचा एकही दिवस चुकला नव्हता.

चुकला तो परदेशात. लेकीचे दिवस अवघड निघाले, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं, आणि बेबी सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन येऊन दाखल झाली. घर नवव्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडक्या चार बोटं उघडत आणि तिथेच अडत. कोणी पडू नये म्हणून ही सोय, असं जावयाने सांगितलं. बेबीला मात्र ती कोणी पळू नये म्हणून केलेली वाटली. खाली सहा पदरी रस्ता. पायी चालणारं माणूस जगात असतं, हे तो बांधणाऱ्याला ठाऊकच नसावं. लेकीजवळ सतत कोणीतरी हवं, जावई सकाळी आठला जाई तो सहाला परते. मधले दहा तास बेबी स्वयंपाकघर ते लेकीची खोली अशा येरझाऱ्या घाली.

“तुला सांभाळायला आले की तुझ्याबरोबर कोंडून घ्यायला आले गं?” ती म्हणे. लेक हसे. तिसऱ्या दिवसानंतर दोघींनाही हसू येईना.

या सगळ्यावर उतारा एकच होता. तिकडची जेवणानंतरची वेळ म्हणजे इकडचे दुपारचे चार. बेबीने पहिल्याच दिवशी चारला फोन उघडला, तर पडद्यावर पाटी: ‘या जोडणीवर खेळांना परवानगी नाही.’ दुसऱ्या दिवशी तीच, तिसऱ्या दिवशी तीच.

“या देशाचे नियमच कडक आहेत, आई,” जावई चहाच्या कपात बघत म्हणाला. “खेळबिळ चालत नाहीत इथे.”

बेबीने अक्काला फोन लावला; तिच्या फोनच्या कार्डावर बोलणं तेवढं होई, इंटरनेट घरातलंच वापरायचं. “अगं, मला लागतच नाही खेळ. तीन दिवस झाले.”

“लागत नाही कसा? कालचे तिन्ही डाव आपण जिंकलो की! मी यांना म्हटलंसुद्धा, बेबी परदेशात जाऊन सुधारली.”

मग उलगडा झाला. ठरल्या वेळी जी बहीण येत नसे तिच्या जागी यंत्र बसे आणि तिची पानं टाके. नाव तिचंच राही, शेजारी फक्त एक इवलंसं चाक फिरे, आणि ते दिसायला अक्काला चष्म्यावर चष्मा लावावा लागला असता. अक्का खूप हसली. बेबीही हसली, पण तिला ते लागलं. सहा वर्षांची भिडू बदलली आणि बहिणीला पत्ता नाही, वर खेळ सुधारल्याचं कौतुक.

“हे घे, यांच्याशी बोल,” अक्काने फोन नवऱ्याकडे दिला. अक्काचे यजमान टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, पण ते पगारापुरते.

“हे बघा, भिंतीजवळ दिवे लुकलुकणारी पेटी असेल,” भावोजी म्हणाले. “ती बंद करा आणि तीस आकडे मोजा. मोठ्याने मोजा, मला ऐकू आले पाहिजेत.”

बेबीने मोजले. पेटी पुन्हा लावली, पाटी तीच. मग फोन बंद करून झाला, खेळ काढून पुन्हा घालून झाला, फोनमधली तारीख तपासून झाली. आडवाटेने नेणारं एक ॲप भावोजींनी घालायला लावलं, तर तेही दारातच अडलं. असे दोन दिवस गेले. भावोजी हार मानणाऱ्यातले नव्हते.

“देश अडवतोय, इमारत अडवतेय की घर अडवतंय, हे आधी ठरवू,” ते म्हणाले. “घराबाहेर कुठे इंटरनेट आहे?”

तळघरात कपडे धुण्याची सामायिक खोली होती. तिथलं इंटरनेट इमारतीचं. लेकीचा डोळा लागलेला बघून बेबी चादरींची टोपली घेऊन लिफ्टने खाली गेली. यंत्रात चादरी फिरत होत्या आणि तिने फोन उघडला. टेबल झळकलं! तिघी बहिणींची नावं, आणि चौथ्या जागी बेबी, शेजारी चाक.

“देश सुटला!” भावोजी ओरडले. “इमारतही सुटली. आरोपी घरातच आहे.”

बेबीला तिथेच फतकल मारून बसावंसं वाटलं. पण वर लेक एकटी होती. हाकेच्या अंतरावर कोणी नाही, असं तासभर कसं चालेल? ती घाईने वर आली. लेक झोपलेलीच होती.

आता पेटीच्या आत शिरायचं होतं. भावोजींनी सांगितलेलं पान उघडलं, त्याने पासवर्ड मागितला. पेटीच्या पोटाला चिकटवलेला चालेना.

“कोणीतरी बदललाय,” भावोजी म्हणाले. “लेकीला विचारा.”

बेबीने विचारलं नाही. शाळेत असल्यापासून लेकीचं कुठलंही कुलूप एकाच नावाने उघडत असे. तिने लहानपणच्या मांजरीचं नाव घातलं, पुढे लेकीचं जन्मसाल. पान उघडलं. ‘खेळ’ असा शब्द, त्यापुढे ‘बंद’, आणि शेजारी एक बटण.

“दाबा!” भावोजी म्हणाले.

बेबीने दाबलं. हे कोणी आणि कशाला बंद केलं असेल, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. भावोजींना जोडणी जुळल्याचा आनंद झाला होता आणि बेबीला घड्याळात चार वाजलेले दिसत होते.

काय तो तास! अक्काने टाकलेलं पान बघून तिच्या मनातलं ओळखायचं, धाकटीने हुकूम मारला की इकडे एकटीनेच जीभ चावायची. पाचला खेळ संपला तेव्हा बेबीने ते बटण पुन्हा ‘बंद’वर नेऊन ठेवलं. पाहुण्याने वस्तू जागच्या जागी ठेवावी, एवढाच त्यात विचार. मग रोजचंच झालं. चारला उघडायचं, पाचला मिटायचं.

पहिल्याच दिवशी खेळ ऐन रंगात असताना जावई डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आला होता. दुसऱ्या दिवसापासून तो रोजच चारच्या आत येऊ लागला. येई, बायकोची चौकशी करी आणि आंघोळीला जाई. बेबीने अक्काला सांगितलंही, ‘जावई हिरा आहे हो, बायकोसाठी कामावरून पळत येतो.’

सहाव्या दिवशी डाव रंगात आलेला असताना लेकीने हाक मारली. हातात हुकमाची राणी होती. बेबी फोन घेऊनच गेली आणि पलंगाच्या कडेला बसली.

“आई, तो काय करतोय?”

“आंघोळ करतायत.”

“अर्धा तास?”

“दमून येतात गं.”

लेकीने छताकडे बघत विचारलं, “आधीचं गाव आम्ही का सोडलं, तुला काय सांगितलं होतं मी?”

“इथे बरी नोकरी मिळाली म्हणून.”

“तिथली गेली म्हणून. फोनवर लढाईचा खेळ खेळायचा तो. आधी घरी, मग कामावर, मग कामावर जाईच ना. डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसून खेळायचा. चार महिने मला पत्ता नाही. बाळाचं कळलं त्या दिवशी त्यानेच येऊन सांगितलं, घरातलं सगळं बंद करून टाक, पासवर्ड मला कळू देऊ नकोस. फोनमधलं इंटरनेटही काढायला लावलं. तेव्हापासून एकदम नीट होता गं. आणि आता पुन्हा असा नळ सोडून बसतो. मला उठून बघताही येत नाही. तू लक्ष ठेवतेस ना?”

बेबीच्या मांडीवरचा फोन थरथरला. तिची पाळी आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या लेकीला सांभाळायला ती आली, तिच्याच घराची कडी ती रोज चारला स्वतःच्या हाताने काढत होती.

“ठेवते,” ती कशीबशी म्हणाली.

स्वयंपाकघरात येऊन तिने पेटीचं पान उघडलं. मांजरीचं नाव घातलं आणि बटण ओढलं. राणी तिच्या हातातच राहिली आणि टेबलाच्या जागी पाटी आली. आत नळ बंद झाला. थोड्या वेळाने जावई बाहेर आला. केस कोरडे ठणठणीत.

“नेट गेलं का, आई?”

“गेलं,” बेबी म्हणाली. “माझंही गेलं.”

त्याने तिच्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे. तो स्टुलावर बसला.

“मीच उघडत होते,” ती म्हणाली. “पत्त्यांसाठी. बंद का आहे, ते मला माहीत नव्हतं. देशाचे नियम असं तुम्ही सांगितलंत.”

“पहिल्या दिवशी खरंच डोकं दुखत होतं. सहज दाबून बघितलं, तर लागलं.”

“मीही सहजच दाबलं होतं.”

त्याने आपला फोन ओट्यावर उलटा ठेवला. “तिला सांगणार?”

“माझं मी सांगेन. तुमचं तुम्ही सांगा. आधी तुम्ही जा.”

“काय चाललंय रे बाहेर?” आतून लेकीने विचारलं. जावई उठला, आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

बेबीला त्या दाराबाहेर उभं राहण्यापलीकडे काही करण्यासारखं नव्हतं. आतून आधी लेकीचा आवाज आला, मग रडणं, मग दोघांचं रडणं. तिने व्हिसाचे उरलेले दिवस मनात मोजले. साडेपाच महिने भरले. पासवर्ड बदलायला लेकीला आजच सांगायचं, तिने ठरवलं, आणि नवा आपल्याला सांगू नकोस म्हणायचं.

पाचला अक्काचा निरोप आला. ‘बेबे, शेवटचे हात काय खेळलीस गं! राणी कशी राखून ठेवलीस, आणि टाकलीस ती ऐन वेळी! तिकडची हवा मानवली हं तुला. उद्या बसतेस ना?’

खरं लिहायचं तर जावयाचं सगळं उघड करावं लागलं असतं, आणि भावोजींनी ते रात्र सरायच्या आत चार गावांना पोचवलं असतं. बेबीने खिडकी ढकलली. ती चार बोटं उघडली आणि अडली. तिथेच उभी राहून तिने लिहिलं, ‘बसते.’