उत्तमरावांची शीळ

मी उत्तमरावांची व्हॅन बोलतेय. रंगाने पांढरी, उजव्या दाराला एक जुना पोचा. पहिली नऊ वर्षं मी पांढुर्ण्यात शाळेची मुलं वाहिली. मग शाळेने बस घेतली आणि मी नगरपालिकेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर उत्तमराव यांच्या अंगणात आले.

त्यांचा हात हलका. रस्ता मोकळा मिळाला की ते शीळ घालायचे. शेजारी बसलेल्या वत्सलाबाई, त्यांच्या पत्नी, खोटंखोटं रागवायच्या.

मागच्या वर्षी वत्सलाबाईंचा भाऊ मधुकर तोंडाच्या कॅन्सरने गेला. त्याला नागपूरला मीच न्यायचे. शेवटच्या दिवसांत तिथल्या एका संस्थेने त्याला फार सांभाळलं. तो गेला त्याच आठवड्यात उत्तमरावांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडल्याचं घरात जाहीर केलं.

संस्थेचे उपकार थोडे तरी फेडावेत म्हणून दोघांनी ठरवलं, की दहा दिवस गावोगाव फिरायचं. वत्सलाबाई सरकारी दवाखान्यात आरोग्यसेविका होत्या. त्या लोकांची तोंडं तपासणार आणि संशय आला, तर संस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवणार. मला धुतलं, संस्थेचा फलक बांधला आणि आम्ही निघालो.

पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात, फडक्याखाली, खर्ऱ्याची पुडी असायची. रोज नवी.

पहिल्या दिवशी जाम नदी ओलांडून सावरगाव, मग सौसर. वत्सलाबाई सगळ्यांना आधी तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगत. बोटं अडली, तर तोंड आतून आखडू लागलंय असं समजायचं. लोक हसत हसत करून बघायचे. ज्याची अडायची, त्याचं हसू तिथंच विरायचं. उत्तमराव तेवढा वेळ माझ्या टायरांची हवा बघत राहायचे. ती सकाळीच बघितलेली असायची.

तिसऱ्या दिवशी बोरगावच्या वाटेवर दोन्हीकडे संत्र्याच्या बागा होत्या. रस्ता रिकामा होता. वत्सलाबाई सहज म्हणाल्या, की बऱ्याच दिवसांत शीळ ऐकली नाही. उत्तमरावांनी ओठ पुढे केले. नुसती हवा आली. घसा कोरडा पडलाय, असं म्हणून त्यांनी गिअर बदलला.

दुपारी माझ्या सावलीत डबा उघडला. उत्तमरावांनी भाकरी वरणात कुस्करून पार काला केला. वत्सलाबाईंचा घास हातातच राहिला. मग त्या दुसरीकडे बघू लागल्या.

जेवण झाल्यावर त्या शाळेच्या व्हरांड्यात लोकांशी बोलायला गेल्या. उत्तमराव आत येऊन बसले, काचा वर केल्या आणि माझा आरसा स्वतःकडे वळवला. दोन बोटं गेली. तिसरं दातांवर अडलं. त्यांनी पुन्हा करून बघितलं, आणि पुन्हा.

चौथ्या दिवशी रामाकोन्याला कलाबाई आली. बागेत संत्री तोडायला जाणारी, पन्नाशीची. तिच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. वत्सलाबाई तिला उद्याच नागपूरला चल म्हणाल्या. ती ऐकेना. तोडणी चालू आहे, आणि दुखत तर काहीच नाही, हेच तिचं पालुपद.

मग तिची नजर माझ्यामागे उभ्या उत्तमरावांवर गेली.

"सकाळपासून साऱ्याईनं तोंड दाखवलं, बाई. तुमचे मालक काहून गाडीमागं लपून राहिले? यायनं दाखवलं त मी बी येतो."

उत्तमराव आधी हसले. मग माझ्या पायरीवर बसले आणि जमेल तेवढं तोंड उघडलं. वत्सलाबाईंनी बॅटरी लावली. उजेड डाव्या गालावर एका जागी थांबला आणि तिथून हललाच नाही.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"मधुकरच्या आधीपासून."

"काल तुमी भाकर कुस्करून राहिले होते, तवाच समजलं मले," त्या म्हणाल्या. "पण विचाराची हिंमत नाही झाली."

दुसऱ्या दिवशी मी तिघांना नागपूरला नेलं. कलाबाईने शब्द पाळला. दोघांच्याही गालातला तुकडा तपासायला घेतला. काही दिवसांनी अहवाल आले. कलाबाईचा रोग फार लवकर सापडला होता. ती बरी होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. उत्तमरावांचा जबडा डाव्या बाजूने काढावा लागणार होता. पुढचं मात्र डॉक्टरांनी काही सांगितलं नाही.

आज ऑपरेशन आहे. मला इथवर संस्थेचा ड्रायव्हर घेऊन आला. सकाळपासून मी हॉस्पिटलच्या आवारात उभी आहे. वत्सलाबाई ड्रायव्हरच्या जागेवर बसल्यात. त्यांना गाडी येत नाही. शेजारी कलाबाई आहे. राहिलेल्या गावांना ती सोबत जाणार, आपला गाल लोकांना दाखवणार, असं मघाशी म्हणाली. वत्सलाबाईंनी नुसती मान हलवली. चार वाजता कळेल, असं सांगितलं होतं. आता साडेपाच झालेत.

मी गाडी आहे, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. आपल्या माणसाबद्दल शंका आली, तर त्याच दिवशी विचारा. राग येईल, येऊ द्या.

हॉस्पिटलच्या पायरीवर हिरव्या कपड्यांतला एक माणूस आलाय. तोंडावरचा मास्क खाली ओढून तो वत्सलाबाईंचं नाव घेतोय. त्या उतरल्या. कलाबाईने त्यांचा हात धरला. माझं दार लावायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.