कोपऱ्यातल्या खाटेची बेल

ऑफिसात तिला सगळे चिकित्साबाई म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. दवाखान्यातली बेलची यंत्रणा तपासायचं काम तिच्याकडे होतं. ही बेल भारी हुशार. कोणत्या खाटेवरून खरी हाक येते आणि कुठून उगीचच, हे ती वापरता वापरता शिकायची आणि त्याप्रमाणे सिस्टरच्या फोनवर कोणाची हाक वर, कोणाची खाली, ते ठरवायची. चालू यंत्रणा तपासायची तर आधी तिचं शिकणं बंद करायचं, हा नियम. लिहिलाही चिकित्साबाईनेच. पण परवा पोटात कावळे ओरडत होते, खाट रिकामी होती, म्हटलं दोन मिनिटांचं तर काम! शिकणं बंद न करताच तिने कोपऱ्यातल्या खाटेची बेल दाबदाब दाबली, सगळं ठीक असल्याचा शेरा मारला आणि गेली जेवायला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय?

बेल मात्र शिकायची ते शिकलीच. या खाटेवरून हाक येते आणि जाऊन बघावं तर तिथे कोणीच नसतं.

आज सकाळी त्या खाटेवर पाय मोडलेले एक आजोबा आले. दुपारी त्यांनी बेल दाबली, पुन्हा दाबली. त्यांची हाक गेली सगळ्यांच्या तळाशी. सिस्टर पोचली तेव्हा अंथरूण भिजलं होतं.

तक्रार ऐकून चिकित्साबाई धावत आली, तर हेडसिस्टर त्या बिचाऱ्या सिस्टरला सगळ्यांदेखत झापत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. कोणती खाट ते कळलं आणि चिकित्साबाईला परवाचं दाबदाब दाबणं आठवलं. तरी क्षणभर ती मूग गिळून गप्प राहिली, हे सांगायलाच हवं.

तेवढ्यात आजोबाच म्हणाले, "त्यांना बोलू नका हो. मलाच बेल नीट दाबता आली नसेल."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही बरोबर दाबलीत, आजोबा," ती म्हणाली. "तुमच्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे बेलला मी शिकवलं."

मग तिने हेडसिस्टरला सगळं सांगितलं, सिस्टरची माफी मागितली आणि बेल जे शिकली होती ते तिथल्या तिथे पुसून टाकलं. आता निदान हाताने काही करावं म्हणून तिने ओली चादर ओढायला घेतली. आजोबांनी ती घट्ट धरून ठेवली.

"पोरी, तू बाहेर थांब. मला लाज वाटते गं."

ती बाहेर आली. तिथे तिला उभंही राहवेना आणि निघून जाववेना.