न्हाऊ घालणारी

"शिंप्याची टेप हाय की ही! टोपडं शिवताय व्हय, डाक्टरीणबाई?" तानाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण टेप त्यांनी धुळ्याच्या डोक्याभोवती पुन्हा एकदा गुंडाळली. धुळा चार वर्षांचा. आई मायाक्काच्या मांडीवर मान टाकून पडला होता. अजून बसत नव्हता, बोलत नव्हता.

तानाबाईनं थट्टा केली ती भीतीपोटी. मंगळवेढ्याकडच्या त्यांच्या धनगरवाड्यावर जन्मलेलं प्रत्येक मूल तीच न्हाऊ घालायची, तेलाच्या हातानं डोकं हळूहळू दाबून गोल करायची. सगळ्यांची डोकी चांगली झाली. तिच्या नातवाचं, धुळ्याचं, मात्र लहानच राहिलं. "म्हातारीचा हात जड पडला," असं कुणीतरी म्हणालं; कोण, ते आता सांगता येणार नाही. मायाक्कानं पोर ओढून घेतलं, ते पुन्हा सासूच्या हाती दिलं नाही. तानाबाईनंही मग कुणाच्या पोराला हात लावला नाही. आज मुलगा मेंढरं घेऊन लांब गेलेला, म्हणून ती सुनेसोबत सोलापूरला आली होती.

"मेंदूच वाढला नाही, म्हणून डोकं लहान राहिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात असल्यापासूनचं आहे हे."

"दाबून न्हाय झालं?"

"नाही हो, आजी. यात कुणाचीच चूक नाही."

मायाक्का खाली बघत होती. "मग आता वाढंल का, बाई?"

"नाही." त्यांनी टेप खिशात ठेवली. "पण थोडंथोडं शिकेल. टेकून बसवून भरवा. रोज हातपाय चोळा. बोलत राहा त्याच्याशी."

एसटीत दोघी शेजारी बसल्या. मंगळवेढ्याला उतरल्यावर मायाक्का म्हणाली, "आत्या, मी लई वंगाळ वागले."

"तुझं काय चुकलं, बाय? मलाबी तसंच वाटायचं की. माझाच हात."

सकाळी मायाक्कानं पाणी तापवलं. तानाबाई न्हाणीच्या दगडावर पाय लांब करून बसली. मायाक्कानं धुळ्याला तिच्या पायांवर निजवलं. चार वर्षांत पोर लांब झालं होतं. पायांवर मावेना. डोकं तिच्या पावलांपलीकडं लोंबायला लागलं. मायाक्का तिथं उकिडवी बसली आणि तिनं ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं.

"ओता, आत्या."